चित्रसंग्रहातील प्राथमिक वर्ग

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात प्राथमिक शाळेची मुले रांगेने शिरतात, तेव्हा त्या रांगेमागे मोठा इतिहास असतो. नाशिककडील कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकरीपुत्र १८७५ मध्ये बडोद्यास दत्तक आला, तोवर त्यास अक्षरओळखही नव्हती. त्याच सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. याच काळात, १८९४ मध्ये, हे संग्रहालय उभे राहिले. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. परंतु त्यासाठी घेतलेली युरोपीय चित्रे महायुद्धामुळे इंग्लंडातच अडकली आणि दालन १९२१ मध्ये उघडले.

शाळा आणि चित्रदालन ही एकाच विचाराची दोन अंगे होत. पाटीवर अक्षर उमटते; पाहण्याची सवय मात्र चित्रापुढे उभे राहूनच लागते. पुढे १९६१ मध्ये राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंह संग्रहालय स्थापन झाले, तेही राजपुत्रांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत! महाराजांनी काढवून घेतलेली रविवर्म्याची चित्रे आज तेथे कोणाचेही मूल पाहू शकते.

आम्हां बदलीच्या नोकरीतील मंडळींची मुले गाव बदलले की शाळा बदलतात, पुष्कळदा भाषाही. नव्या वर्गात ती मुकी होतात. चित्रापुढे मात्र शेजारच्या मुलाइतकेच त्यांनाही कळते. म्हणून सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना ‘अभ्यास बुडतो’ असे आपण म्हणू नये. तो दिवसही अभ्यासाचाच असतो.