दुष्काळात चोऱ्या वाढतात, पण 'गुन्हेगार' कोणाला ठरवले जाते?

दुष्काळ, महागाई, बेकारी आली की चोऱ्या वाढतात, हे सगळेच मान्य करतात. पण त्या चोरीचा शिक्का कोणाच्या कपाळावर बसतो, हे कोणी विचारत नाही. त्यासाठी 1876-78 चा दुष्काळ पाहावा लागेल.

त्या दुष्काळात दख्खन, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद होरपळले. एकट्या ब्रिटिश मुलखात 50 लाखांहून अधिक माणसे मेली. धान्य मात्र बंदरातून इंग्लंडला जातच होते. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली आणले. मग धान्य लुटले गेले, दरोडे वाढले. मद्रास इलाख्यात तर धान्याचे भाव चढले की दरोडे वाढायचे आणि भाव उतरले की ओसरायचे. आता सांगा, गुन्हेगारी रक्तात असती तर ती बाजारभावाबरोबर कमी-जास्त कशी झाली असती?

पण सरकारने उत्तर आधीच ठरवले होते. 1871 मध्ये उत्तर भारतात गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यामागचा तर्क असा: सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. मित्रांनो, ही मनुस्मृतीच आहे, फक्त इंग्रजी कायद्याच्या भाषेत! 1911 च्या कायद्याने हे जोखड मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आले.

ज्यांच्यावर ते लादले गेले, ते लोक आधी काय करत होते? बंजारा आणि कोरवा बैल-गाढवांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. रेल्वेने आणि सरकारच्या मीठधोरणाने तो व्यापार मोडला, दुष्काळाने जनावरे मारली. आधी पोट हिरावले, मग भटकण्यालाच गुन्हा ठरवले.

दुसरी बाजूही पाहा. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना सोबत घेऊन पुणे परिसरात दरोडे घातले. त्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. पण खांद्याला खांदा लावून लढलेल्या रामोशांची नावे किती पाठ्यपुस्तकांत आहेत? कृती एकच, पण एकाच्या वाट्याला पुतळा आणि दुसऱ्याच्या वाट्याला पोलिसांची हजेरी.

बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एकाच ओळीत उभे केले आणि दोष त्या माणसांचा नव्हे, त्यांना घडवणाऱ्या संस्कृतीचा आहे असे बजावले. 1952 मध्ये हा कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगार कायद्यांच्या रूपाने त्याची सावली राहिली. तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 उजाडावे लागले.

म्हणून कार्यकर्त्यांनो, गावात चोरी झाली आणि पोलिसांची गाडी थेट पारध्यांच्या पालाकडे वळली, तर आधी तिथे आपण पोहोचले पाहिजे. पुरावा मागा. रेशन मिळते का, कामाचे जॉबकार्ड आहे का, जातीचा दाखला आहे का, हेही तिथेच विचारा. भूक मिटवणे ही शासनाची जबाबदारी आहे. ती टाळून जातीला आरोपी करणाऱ्यांना संविधानाने उत्तर द्यायचे आहे.

जय भीम!