पडद्यावरची उलटतपासणी

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये मंत्र्याची मुलाखत म्हणजे अदबीने दिलेले भाषणाचे निमंत्रणच असे. संसदेत पुढच्या पंधरवड्यात ज्या विषयावर चर्चा व्हायची, त्यावर प्रसारणात बोलायचे नाही, असा नियमही होता. १९५६ च्या अखेरीस तो स्थगित झाला. त्याच सुमारास रॉबिन डे पडद्यावर स्थिरावत होते.

डे यांचा जन्म १९२३ चा. युद्धात तोफखान्यात नोकरी, मग ऑक्सफर्ड, तिथल्या विद्यार्थी वादसभेचे अध्यक्षपद आणि १९५२ मध्ये बॅरिस्टरीची सनद. वकिली जमली नाही. उलटतपासणीची सवय मात्र कामी आली. १९५५ मध्ये नव्या व्यापारी वाहिनीच्या आयटीएन या वृत्तसंस्थेत ते वृत्तनिवेदक झाले. सुएझ प्रकरणानंतर ब्रिटन आणि इजिप्तचे राजनैतिक संबंध तुटलेले असताना, १९५७ मध्ये त्यांनी कैरोत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांना गाठून इस्रायलचे अस्तित्व मान्य आहे का, असे थेट विचारले. पुढच्या वर्षी पंतप्रधान मॅकमिलन समोर होते. परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्यावरील टीकेचा प्रश्न निघाला आणि मॅकमिलन यांना त्यांची पाठराखण कॅमेऱ्यासमोरच करावी लागली. प्रश्न सभ्य होता, पण अशा प्रश्नाचे उत्तर पंतप्रधानाने संसदेत द्यायचे की दूरचित्रवाणीवर, यावर वर्तमानपत्रांत वाद रंगला.

१९५९ मध्ये हेरफर्डमधून लिबरल पक्षातर्फे लढून डे हरले आणि बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात गेले. ठिपक्यांचा बो, जाड चष्मा आणि सवाल सोडून न देणारा आवाज ही त्यांची ओळख ठरली. रेडिओवरही श्रोत्यांच्या फोनवरील प्रश्नांचे कार्यक्रम त्यांनी चालवले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'क्वेश्चन टाइम'मध्ये प्रश्न विचारण्याचा मान प्रेक्षकांकडे गेला, तरी दहा वर्षे सूत्रे डे यांच्याच हाती होती. १९८१ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला.

सर्वांत गाजला तो १९८२ चा प्रसंग. संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी पुढची निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले होते. नौदलाच्या कपातीवर विचारताना डे यांनी त्यांना 'आज आहेत, उद्या नाहीत' अशा राजकारण्यांत बसवले. नॉट मायक्रोफोन काढून उठून गेले. विशेष म्हणजे पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राला तेच शब्द शीर्षक म्हणून दिले.

संसदेच्या कॉमन्स सभागृहात कॅमेरे यावेत, असा डे यांचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. ते १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये आले. 'क्वेश्चन टाइम' त्यांनी त्याच वर्षी सोडला होता. ऑगस्ट २००० मध्ये त्यांचे निधन झाले.