परगावचा लेखक, आपला मजकूर

व्यवसायाचे संकेतस्थळ उभारून देणारे तंत्रज्ञ आज तालुक्याच्या गावीही सहज मिळतात. घोडे अडते ते त्यावर लिहायचे काय, या प्रश्नापाशी. दुकानदाराला आपल्या मालाची खडान्‌खडा माहिती असते, पण ती कागदावर उतरवायला वेळ नसतो आणि अनेकदा तो हातही नसतो. मग शोध सुरू होतो तो कंटेंट रायटरचा, म्हणजेच मजकूर लिहून देणाऱ्या लेखकाचा. हा लेखक आपल्याच गावात असावा, अशी अट आता उरलेली नाही. नाशिकच्या व्यापाऱ्यासाठी नागपूरचा किंवा बंगळुरूचा लेखक घरबसल्या लिहितो, काम ई-मेलने येते आणि पैसे बँकेतून जातात. ही सोय मोठी आहे. मात्र लेखक परगावी असला, तरी मजकुराची जबाबदारी परगावी जात नाही, हे ध्यानात न घेतल्यास हा व्यवहार महागात पडू शकतो.

आधी काम ठरवा, मग लेखक

‘संकेतस्थळासाठी काहीतरी छान लिहून द्या’ ही मागणी नव्हे. व्यवसायाला लागणारा मजकूर अनेक प्रकारचा असतो. आपल्याविषयीची ओळख, वस्तूंची वर्णने, ग्राहकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे, माहितीपर लेख, समाजमाध्यमांवरील छोट्या नोंदी आणि जाहिरातीचा मजकूर हे त्यातले ठळक प्रकार होत. माहितीपर लेख उत्तम लिहिणाऱ्याला चार शब्दांची जाहिरात जमेलच असे नाही. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत नेमके काय हवे, किती हवे आणि कोणत्या भाषेत हवे, याची यादी मालकाने स्वतः करावी.

भाषेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. इंग्रजीत लिहून घेऊन त्याचे मराठी भाषांतर करून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. तिच्यातून येणारे मराठी वाचकाला परके वाटते. ग्राहक मराठी असतील, तर मूळ मजकूरच मराठीत लिहून घेणे श्रेयस्कर. तसेच मजकूर युनिकोडमध्येच मिळावा, अशी अट घालावी. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतील मजकूर संकेतस्थळावर चढवताना अक्षरांचा गोंधळ उडतो आणि शोधयंत्रांनाही तो वाचता येत नाही.

निवड : नमुने पाहा, चाचणी घ्या

अपवर्क, फ्रीलान्सर यांसारखी कामे जुळवून देणारी संकेतस्थळे आणि लिंक्डइन हे शोधाचे रूढ मार्ग आहेत. मराठी लेखकांच्या बाबतीत मात्र जुने मार्ग अधिक उपयोगी ठरतात. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटसारख्या वृत्तपत्रविद्येच्या संस्थांचे माजी विद्यार्थी, वृत्तपत्रांतून बाहेर पडून स्वतंत्र काम करणारे पत्रकार, भाषांतरकार आणि मुद्रितशोधक यांच्याकडे मजकूर तपासून लिहिण्याची सवय असते.

अर्जासोबत आलेले नमुने वाचताना केवळ शैलीवर भाळू नये. नमुन्यातील एखादे वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधयंत्रात टाकल्यास ते अन्यत्र आधीच प्रसिद्ध झाले आहे का, हे मिनिटभरात कळते. त्यानंतर दोघा-तिघा उमेदवारांना एकच छोटे काम चाचणी म्हणून द्यावे आणि त्याचे पैसेही द्यावेत. फुकट चाचणी मागितली की चांगले लेखक मागे फिरतात.

चाचणीत लेखनाइतकेच पाहायचे असते ते लेखकाने विचारलेले प्रश्न. येवल्याच्या पैठणी विक्रेत्याचे उदाहरण घेता येईल. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षीची उलट बाजू जवळपास सुलट बाजूसारखीच दिसते, तर यंत्रमागावरील सेमी पैठणीत मागच्या बाजूस धागे मोकळे सुटलेले दिसतात. ही गोष्ट विक्रेत्याला ठाऊक असते. पण शेकडो मैलांवर बसलेल्या, साडी हाताळून न पाहिलेल्या लेखकाला ती कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ‘तुमच्याकडच्या साड्या हातमागाच्या की यंत्रमागाच्या?’ असे विचारणारा लेखक निवडावा. काहीही न विचारता ‘परंपरेचा भरजरी वारसा’ अशी सुरुवात करणाऱ्याला दूर ठेवावे.

टाचण : अर्धे काम येथेच

लेखकाला द्यावयाच्या सूचनांचे टाचण एका पानाचे असले तरी पुरते. वाचक कोण, त्याने मजकूर वाचून काय करावे अशी अपेक्षा आहे, कोणते मुद्दे आलेच पाहिजेत, कोणते शब्द टाळायचे आणि शब्दमर्यादा किती, एवढे त्यात असावे. वस्तूची मापे, किमती, धुण्या-वापरण्याच्या सूचना, परवाना क्रमांक अशी माहिती मालकानेच लेखी द्यावी. दूरध्वनीवर सांगितलेली माहिती विसरली जाते आणि नंतर ‘असे सांगितलेच नव्हते’ हा वाद उरतो.

दुकानातील अनुभवी विक्रेत्याशी लेखकाची अर्ध्या तासाची बातचीत घडवून आणल्यास त्याचा मोठा फायदा होतो. ग्राहक काउंटरवर जे प्रश्न विचारतात, तेच संकेतस्थळावरील वाचकाचेही प्रश्न असतात. व्यवसायाच्या बाजूने लेखकाशी बोलणारी व्यक्ती एकच असावी. मालक, त्याचा मुलगा आणि व्यवस्थापक यांनी वेगवेगळ्या सूचना धाडल्या, की मजकुराची खिचडी होते.

मोबदल्याचे गणित

मोबदला शब्दांवर, लेखांवर, तासांवर किंवा दरमहा ठराविक रकमेवर ठरतो. इंग्रजीत प्रतिशब्द दराची पद्धत रुळलेली आहे. ती जशीच्या तशी मराठीला लावल्यास लेखकावर अन्याय होतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘दुकानासमोरच्या’ हा एकच शब्द इंग्रजीत सांगायचा तर चार-पाच शब्द लागतात. साहजिकच तोच आशय मराठीत कमी शब्दांत मावतो आणि लेखकाच्या पदरी कमी पैसे पडतात. म्हणून मराठी मजकुरासाठी लेखागणिक मोबदला ठरवणे दोन्ही पक्षांना सोयीचे जाते. त्यात किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील, हेही सांगून टाकावे. दोन फेऱ्या साधारणपणे पुरेशा ठरतात. टाचण बदलल्यामुळे करावे लागणारे फेरलेखन हे नवे काम समजावे.

पैसे दिले म्हणजे मालकी आली नाही

या साऱ्या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे स्वामित्व हक्क. पैसे मोजून घेतलेली खुर्ची आपली होते, तसा मजकूर होत नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन, वेगळा करार नसल्यास, मालकाचे ठरते. मात्र स्वतंत्रपणे काम करणारा लेखक हा नोकर नव्हे. त्याला मोबदला दिल्याने मजकूर वापरण्याची मुभा मिळते, असे फार तर म्हणता येईल. हक्क मात्र आपोआप हस्तांतरित होत नाहीत.

कलम १९ प्रमाणे हे हस्तांतर लेखी आणि लेखकाच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचेच असावे लागते. कोणते लेखन, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात नमूद करावे लागते. काळ लिहिला नसेल तर हस्तांतर केवळ पाच वर्षांचे मानले जाते. प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरते मर्यादित राहते. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळी तरतूद नसल्यास तो लोप पावतो. परदेशांतील ग्राहकांसाठी मजकूर वापरू पाहणाऱ्या व्यावसायिकाला या तीनही गोष्टी अडचणीच्या ठरू शकतात. हक्क दिल्यानंतरही, आपण या लेखनाचे लेखक आहोत हे सांगण्याचा विशेष अधिकार कलम ५७ नुसार लेखकापाशी राहतो.

मजकुरासोबत लेखकाने छायाचित्रे जोडली असल्यास ती कोठून घेतली, हेही विचारावे. इंटरनेटवर दिसणारे प्रत्येक चित्र फुकट वापरायचे नसते.

यंत्राने लिहिलेला मजकूर

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाल्यापासून मजकूर तयार करणे काही सेकंदांचे काम झाले आहे. लेखकाने अशा साधनांचा वापर करावा की नाही, याचा निर्णय मालकाने घ्यावा. पण वापर केल्यास तो उघडपणे सांगावा, अशी अट अवश्य घालावी. अशी साधने चुकीचे साल किंवा अस्तित्वात नसलेला नियमही अत्यंत आत्मविश्वासाने लिहून मोकळी होतात. गुगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या धोरणात स्पष्ट केल्यानुसार, केवळ शोधाच्या क्रमवारीत वर येण्यासाठी मोठ्या प्रमाणावर तयार केलेला आणि वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, गैरप्रकार मानला जातो. स्वस्तात मिळालेले शंभर लेख त्यामुळे संकेतस्थळाला वर नेण्याऐवजी खाली ढकलू शकतात.

दावा लेखकाचा, दंड मालकाचा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट आणि संकेतस्थळावरील मजकुराचाही समावेश आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘हे वाक्य लेखकाने घातले’ ही सबब ग्राहकापुढे टिकत नाही.

आयुर्वेदिक काढ्याविषयी लिहिताना ‘मधुमेह बरा होतो’ असे वाक्य परगावच्या लेखकाने कुठून तरी उचलले, तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याशी गाठ पडते. ‘हापूस’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील आंब्यापुरते आहे. अन्य प्रांतातील आंब्याचे वर्णन करताना लेखकाने सहज म्हणून हा शब्द वापरला, तर तो केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. पैठणीलाही असे मानांकन आहे. म्हणूनच प्रत्येक मजकूर प्रसिद्ध होण्याआधी त्या वस्तूची जाण असलेल्या माणसाने शब्दन्‌शब्द वाचलाच पाहिजे.

कर, मुदत आणि किल्ल्या

लेखनाचा मोबदला व्यावसायिक सेवेचे शुल्क ठरत असेल, तर एका वर्षात एका व्यक्तीला दिलेली रक्कम ५० हजार रुपयांहून अधिक झाल्यास १० टक्के दराने उद्‌गम करकपात, म्हणजेच टीडीएस, करावी लागते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ३० हजार रुपये होती. लेखकाने पॅन न दिल्यास कपात २० टक्क्यांवर जाते. मागील वर्षीची उलाढाल एक कोटी रुपयांच्या आत असलेल्या वैयक्तिक मालकीच्या व्यवसायाला ही तरतूद लागू होत नाही. आपल्या बाबतीत काय लागू आहे, हे करसल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावे.

पैसे थकवणाऱ्यांनीही सावध राहावे. लेखकाची उद्यम नोंदणी असल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार ४५ दिवसांहून अधिक मुदत करारातही ठेवता येत नाही. करारच नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

आणखी एक दक्षता म्हणजे संकेतस्थळाचा मुख्य पासवर्ड लेखकाच्या हाती देऊ नये. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळात ‘कॉन्ट्रिब्यूटर’ नावाची पायरी असते. त्या पायरीवरील व्यक्तीला मजकूर लिहून ठेवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही. परगावच्या लेखकासाठी एवढा अधिकार पुरेसा आहे.

करारनाम्यात हे हवेच

* कामाचे स्वरूप, भाषा, शब्दमर्यादा आणि मजकूर देण्याची तारीख
* मोबदला, तो देण्याची मुदत आणि दुरुस्तीच्या फेऱ्यांची संख्या
* स्वामित्व हक्कांचे हस्तांतर, त्याचा काळ आणि प्रदेश
* मजकूर स्वतःचा असून कोठूनही उचललेला नाही, अशी लेखकाची हमी
* यंत्रसाहाय्याने केलेल्या लेखनाविषयीची अट
* किमती, ग्राहकांची यादी आदी माहितीची गुप्तता
* काम मध्येच थांबल्यास झालेल्या कामाचे पैसे आणि हक्क यांचा निर्णय

हा करारनामा दोन पानांचा असला तरी चालतो. दोन्ही पक्षांना समजेल अशा साध्या भाषेत तो असावा आणि पहिले टाचण धाडण्यापूर्वी त्यावर सह्या झालेल्या असाव्यात. लेखणी उसनी घेता येते, मालाची जाण आणि शब्दाची हमी मात्र मालकाचीच असावी लागते. चांगला लेखक मिळाला, तर दर महिन्याला नव्या स्वस्त लेखकाचा शोध घेण्यापेक्षा त्यालाच वेळेवर पैसे देऊन टिकवणे हिताचे. कारण वर्षभरात त्या व्यवसायातील बारकावे तो शिकलेला असतो आणि ते नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागतात.