जुन्या गाडीचा ब्रेक लाइट लागत नाही? दोष असा शोधावा

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर किंवा फोक्सवॅगन बीटलसारखी जुनी गाडी हौसेने जपणारे अनेक जण आहेत. अशा गाडीचा ब्रेक लाइट बंद पडला, तर चालकाला ते बसल्या जागेवरून दिसत नाही. मागच्या गाडीला मात्र थांबण्याचा इशारा त्यातूनच मिळतो.

वीज कशी फिरते?

बॅटरीतून वीज फ्यूजमार्गे ब्रेक स्विचकडे आणि तिथून बल्बकडे जाते. परतीसाठी सहसा वेगळी वायर नसते. गाडीचा पत्राच ते काम करतो. यालाच अर्थिंग म्हणतात. होल्डरपाशी गंज किंवा रंगाचा थर आला की परतीची वाट अडते.

लक्षणावरून दोष

• दोन्ही दिवे बंद : आधी फ्यूज, मग स्विच तपासावा.
• एकच दिवा बंद : बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचे अर्थिंग.
• दिवा मंद, किंवा ब्रेक दाबताच इंडिकेटरही मिणमिणतो : बहुधा अर्थिंग खराब.
• दिवा सतत चालू : स्विच अडकलेला.

तपासणी कशी करावी?

इग्निशन चालू करून स्विचच्या दोन्ही वायर क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. दिवे लागले तर दोष स्विचचा. अर्थिंगचा संशय असल्यास होल्डरच्या धातूपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत तात्पुरती वायर लावावी. दिवा लख्ख झाला तर नवा बल्ब घेण्याची गरज नाही. पॉलिश पेपरने जागा घासून स्क्रू घट्ट करावा. 12 व्होल्टच्या गाडीत 21 वॅटच्या बल्बला साधारण पावणेदोन अँपिअर वीज लागते. वाटेत फक्त 1 ओहमचा अडथळा आला, तरी प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

काय टाळावे?

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवू नये. कुठेतरी वायर पत्र्याला घासत असते आणि मोठ्या फ्यूजमुळे तीच पेटू शकते. अनेक जुन्या गाड्यांत स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. तो काढल्यास ऑइल गळते आणि नळीत हवा शिरते. त्यामुळे स्विच बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

शेवटी एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. कोणी सोबत नसेल, तर रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली तरी उजेड आरशात दिसतो.