अस्थिर शाखेचे कामगार



‘अस्थिर’ हा शब्द आम्हां कामगारांना कधीच मानवला नाही. म्हणून काही माणसे आपण होऊन संगणकावर ‘अस्थिर’ नावाची प्रणाली चालवतात हे ऐकले, तेव्हा मला ती रिकामटेकड्यांची हौस वाटली. पुढे तिचा इतिहास वाचला आणि माझे मत पालटले.

इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. लिनक्स हा प्रणालीचा नुसता गाभा. त्याभोवती असंख्य प्रोग्रॅम जुळवून वापरण्याजोगा संच बांधणे, हे डेबियनचे काम. येथे मालक नाही, स्वयंसेवक आहेत. त्यांनी १९९७ मध्ये लेखी सामाजिक करार केला, १९९८ मध्ये घटना केली, आणि प्रमुख ते मतदानाने निवडतात. करारातील एक कलम असे की, दोष लपवावयाचे नाहीत. दोषांची वही सर्वांस खुली ठेवावयाची. कारखान्यातील अपघातांची वही पाहावयास मिळावी म्हणून जे ताटकळले आहेत, त्यांना या कलमाची किंमत सांगावयास नको.

नवा माल प्रथम ‘अस्थिर’ शाखेत उतरतो. काही दिवसांत गंभीर नवा दोष न आढळला तर तो ‘चाचणी’ शाखेत जातो, आणि ती पुरेशी निर्दोष झाली की तिचीच ‘स्थिर’ आवृत्ती होते. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची नावे देतात. अस्थिर शाखेचे नाव मात्र कायमचे ‘सिड’, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा!

या सिडवर सर्वांत नाजूक भाग म्हणजे डेस्कटॉप. पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या आणि चिन्हे यांचा संसार. तो अनेक सुट्या भागांचा असतो. एक भाग आज नवा येतो, त्याचा जोडीदार परवा. मधल्या काळात माग नवा आणि धोटा जुना अशी गत होते. अशा वेळी अद्ययावत करणारी आज्ञा कधी कधी ‘डेस्कटॉपच काढून टाकू का?’ असे विचारते. जाणता माणूस यादी वाचतो, ‘नको’ म्हणतो आणि दोन दिवस थांबतो. न वाचता सही करणाऱ्याचे काय होते, ते आपण करारनाम्यांत पाहिलेच आहे.

याच डेस्कटॉपपायी एक तत्त्वाचा लढाही झाला. १९९६ मध्ये जर्मनीत माटियास एट्रिख यांनी केडीईचा आरंभ केला. काम देखणे, पण ते ज्या ‘क्यूटी’ या नॉर्वेतील कंपनीच्या पायावर उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता आणि केडीईच्या स्वतःच्या परवान्याशी जुळत नव्हता. त्यामुळे १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप निघाला, आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या भांडारातून काढले. वापरणाऱ्यांची गैरसोय झाली, परंतु करार मोडला नाही. सप्टेंबर २००० मध्ये कंपनीने क्यूटीला मुक्त परवाना दिला. मग केडीई अस्थिर शाखेत परतले आणि जुलै २००२ च्या स्थिर आवृत्तीत सर्वांस मिळाले.

अस्थिर शाखेचे मोल जगाला कळले ते २९ मार्च २०२४ रोजी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सिडवर काम करताना दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्याने शोध घेतला, तो ‘एक्सझेड’ या फाइली आवळण्याच्या साधनात चोरदरवाजा सापडला! ते साधन एक माणूस फावल्या वेळी सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कुणी टोपणनावाच्या व्यक्तीने त्याचा विश्वास संपादून हा घात केला होता. तो माल अस्थिर व चाचणी शाखांत पोहोचला होता. स्थिर आवृत्ती वाचली.

आमच्या बदली कामगारावर धोका लादला जातो आणि त्याची तक्रार कुणी लिहून घेत नाही. सिड चालवणारा धोका जाणून पत्करतो, आणि त्याची तक्रार खुल्या वहीत चढते. फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा. मात्र ज्या एकट्या माणसाच्या फुकट श्रमावर जगाची यंत्रे चालतात, त्याला सोबती कोण देणार, हा प्रश्न उरतोच. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्या आपण सर्वांनी त्याचा विचार करावा, एवढे विनवून मी आपली रजा घेतो.