गोधडीतला रोजमेळ



मागच्या मंगळवारी धाकट्या जाऊबाई सकाळी आठलाच आल्या. सूनबाईला आठवा महिना लागलाय. बाळाला गोधडी घरचीच हवी, असं तिनंच सांगितलं. माळ्यावरची सासूबाईंची जुनी गोधडी खाली काढली. कडा विरल्या होत्या, म्हणून ती उसवून त्यातलं चांगलं कापड नव्या गोधडीत घ्यायचं ठरलं.

मी कॉमर्सची. उसवायला बसले आणि वाटलं, हा तर जुना रोजमेळ आहे. शेवटची नोंद वर, पहिली तळाशी.

सगळ्यात वर सासूबाईंचं हिरवं सुती पातळ होतं. त्याखालच्या थरात ठिगळावर ठिगळ. ते १९७२ च्या दुष्काळातलं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्या वर्षी मी शाळेत होते. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना फुटायची. गावोगावच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात. आमच्या घरावर ती वेळ आली नाही, पण दोन वर्षं सासूबाईंना नवं पातळ आलं नाही. म्हणून गोधडीला नवा थर मिळाला नाही, नुसती ठिगळं मिळाली.

सगळ्यात तळाशी जाडंभरडं, पिवळट पडलेलं लुगडं निघालं. ते आजेसासूबाईंचं, कंट्रोलच्या काळातलं. महायुद्धात कापड सैन्याकडे जाऊ लागलं, भाव भडकले, तेव्हा १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. गंमत बघा, आमचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. जुनी मिल १८७७ ची. भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे. हातमागांची खटखट गल्लोगल्ली. आणि त्याच गावात बाईला लुगड्यासाठी रांग लावावी लागली! ज्या घरात लुगडं इतकं मोलाचं, तिथं फाटलं म्हणून ते फेकणार कोण?

कापडाचा क्रम ठरलेला असे. लुगडं विरलं की चांगल्या भागाची परकर-पोलकी, मऊ भागाची बाळाची दुपटी, उरलेलं गोधडीत, आणि अगदीच चिंध्या झाल्या की हातपुसणं. पाण्याच्या गाळण्याला मात्र जुनेर कधी नाही, तिथं नवं घट्ट कापड दुहेरी करूनच. अपरिग्रहावर सासूबाई कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या ट्रंकेत चार लुगडी असत, पाचवं आलं की पहिलं गोधडीत जाई.

ढेकूण झाले म्हणून लोक गोधड्या उकळत्या पाण्यात टाकत. आमच्याकडे ते नाही. चातुर्मासाआधी सगळ्या गोधड्या झटकून, वारा देऊन, घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवायच्या. जीव होऊच नयेत ही काळजी आधी, म्हणजे मारायची वेळ येत नाही.

अकरापर्यंत थर अंथरून झाले. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, मोठे टाके घालून थर टाचले आणि समोरासमोर बसून आम्ही कडेकडून आत धावदोरा घालत निघालो.

साडेअकराला जेवण. ज्वारीची भाकरी, मुगाचं घट्ट वरण, दुधीची भाजी आणि शेंगाचटणी, लसणाशिवायची. जाऊबाईंनी सवयीनं ताक मागितलं आणि स्वतःच हसल्या. वरणाबरोबर ताक म्हणजे द्विदल!

जेवताना त्यांनी विचारलं, “वहिनी, सासूबाईंची बाकीची लुगडी कुठं गेली हो?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं.

१९८५ मध्ये नवं वस्त्रोद्योग धोरण आलं, कृत्रिम धाग्याला सुताच्या बरोबरीची मोकळीक मिळाली. टेरिलीन, नायलॉन आधीपासून होतंच, आता पॉलिस्टरच्या साड्या स्वस्त आणि भरपूर झाल्या. धुवा, झटका, नेसा, इस्त्री नको. मीही खूश होते. पण त्या साडीची गोधडी होत नाही. थर सरकतात, घाम टिपला जात नाही. गोधडी गेली ती बायका आळशी झाल्या म्हणून नाही, घरातलं जुनेरच बदललं म्हणून.

आणि १९८८ मध्ये, सासूबाई लेकीकडे गेल्या असताना, मी त्यांनी गोधडीसाठी राखून ठेवलेली सात सुती लुगडी बोहारणीला दिली. बदल्यात स्टीलचा डबा घेतला. हिशेबात फायदा दिसत होता. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “किती होती?” मी म्हटलं, “सात.” त्या “बरं” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी एकही गोधडी घातली नाही. त्यातलं एक लुगडं त्यांच्या आईचं होतं, हे मला त्या गेल्यावर नणंदेकडून कळलं. क्षमावाणीला दरवर्षी सगळ्यांची क्षमा मागितली, त्यांचीही मागितली, पण त्या लुगड्यांचं नाव घेऊन कधी मागितली नाही.

जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “माझ्याकडे त्यांचं एक आहे. उद्या आणते.”

सूर्य कलला तशी सुई ठेवली, उजेडीच जेवलो. दुसऱ्या दिवशी ते लुगडं मधल्या थरात घातलं. आतल्या बाजूला एक छोटी सुती पट्टी शिवली आणि तिच्यावर दोऱ्यानं आजेसासूबाई आणि सासूबाई, दोघींची नावं घातली. जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं नाव आहे, या दोघींचं कुठंच नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या ट्रंकेत सुती लुगडं असेल तर ते कुणाचं हे आजच विचारून लिहून ठेवा. सांगणारी घरात आहे तोवर.

जय जिनेंद्र.