वरातीपुढे चालणारा इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले. हे आपण शाळेत शिकवतो. पण इंग्रजी फौजेबरोबर आलेला पितळी बाजा ठाण्या-कल्याणच्या रस्त्यांवर वरातीपुढे आजही चालतो, त्याचा धडा मात्र आपण घेत नाही.

जुन्या बिगुलातून मोजकेच सूर निघत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय कारागिरांनी अशा वाद्यांना कळा बसवल्या. कळ दाबली की हवा जादा नळीतून फिरते आणि सूर उतरतो. तीन कळांत सगळे सूर हाती आले. म्हणूनच पुढे या परक्या वाद्यांवर आपल्या चाली बसू शकल्या.

त्या बसवणाऱ्यांत मुसलमान कलावंत मोठ्या संख्येने होते. फौजेच्या बँडमध्ये असलेल्या नादिर अलींनी १८८५ मध्ये मेरठला आपली कंपनी काढली. तिथली जली कोठी बँडच्या वाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाली. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने बँडवाल्यांमध्ये फिरून 'ब्रास बाजा' हा ग्रंथ लिहिला, तो २००५ साली आला. हे काम आपल्यापैकी कुणाला का सुचले नाही?

वेल्समधील सायफार्थफा येथे लोखंडाच्या कारखानदाराने १८३८ मध्ये बँड उभा केला होता. त्याच्या हस्तलिखित स्वरलिपी जपून ठेवलेल्या होत्या. त्यांवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस वादकांनी त्या काळच्याच वाद्यांवर ते संगीत पुन्हा वाजवले. आपल्याकडे विद्या बहुधा उस्तादाकडून शागिर्दाच्या कानात उतरते. कागद नाही. उस्तादाचा दम संपला की चालही संपते. त्यात आता डीजेचा गोंगाट.

निकाहात बाजा असावा की नसावा, हा वाद वेगळा. पण लाल कोट घालून, दुसऱ्याच्या आनंदापुढे मैलोन्‌मैल चालून ज्यांनी मुलाबाळांना वाढवले, त्यांचे कष्ट इतिहासाबाहेर का राहावेत?

आपल्या वस्तीतल्या वृद्ध बँडमास्तरांकडे जाऊन बसावे. सिनेमाच्या गाण्यांआधी तुमचे उस्ताद काय वाजवत, हे विचारावे. आठवेल ते वाजवून घ्यावे, मोबाइलवर नोंदवावे, जाणकाराकडून स्वरलिपी करून घ्यावी. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना मंचावर सन्मानाने बोलवावे. त्या दिवशी वरात नसेल. त्यांच्यापुढे कुणी नाचणार नाही, सगळे बसून ऐकतील.